उपस्थाता, परिचारिका, आया

चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद मानले: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थात्याच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, शुचिता आणि अनुराग हवा. हा अनुराग ‘भर्त्या’विषयी, म्हणजे पोसणाऱ्याविषयी, अपेक्षिलेला आहे, शुश्रूषेत स्वामी-सेवक नाते गृहीतच धरलेले दिसते.

रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाने विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले. परक्याची घाण काढणे ज्या समाजात हीन ठरे, तेथे या शिक्षणाने सेविकेला व्यवसाय दिला, आणि प्रतिष्ठित नावही.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथील घरांत वृद्धांना न्हाऊ घालणारी, रात्री कूस पालटून देणारी स्त्री या नावाबाहेर राहिली. ती ‘अटेंडंट’, ‘दीदी’ किंवा ‘आया’. पोर्तुगीजातून आलेला हा शेवटचा शब्द मुळात मुले सांभाळणारीचा. तो वृद्धाच्या उशाशी आला, यात वृद्धाविषयीची दृष्टीही उघडी पडते. येथे भर्ता आणि रोगी बहुधा एक नसतात: वेतन देणारा मुलगा पुष्कळदा परदेशी असतो. मग अनुराग कोणाविषयी?

ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्याच्या हिंदी नावात ‘भरण-पोषण’ आहे, धातू तोच. भरणाचे दायित्व त्याने अपत्यांवर ठेवले, पण पगारी उपस्थात्याला त्यात स्थान नाही. दिल्लीतील २०१४ चा आदेश घरकामगार पुरवणाऱ्या खासगी संस्थांच्या नोंदणीपुरता आहे. गृहपरिचर्या देणाऱ्या संस्थांची नोंदणी सुचवणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित होईपर्यंत ते संमत झाले नाही.