सात आठवड्यांत सोडवलेला ब्लेंडर

2002 च्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या ‘नॉट अ नंबर’ या कंपनीला गुंतवणूकदारांनी कुलूप लावलं. तिच्याकडे मोलाची वस्तू एकच होती: ब्लेंडर हा त्रिमितीय चित्रं आणि ॲनिमेशन करण्याचा प्रोग्राम. कंपनी बंद झाली तसं त्याचं कामही थांबलं. तो वापरणारे कलावंत देशोदेशी होते. त्यांच्या संगणकांत ब्लेंडर होता, पण त्यात दोष निघाला तर दुरुस्त करणारं कोणी उरलं नव्हतं. प्रोग्राम ज्यातून घडतो तो मूळ सोर्स कोड गुंतवणूकदारांच्या ताब्यात गेला होता.

ब्लेंडरचा कर्ता टॉन रूसेंडाल. निओजिओ या आपल्या डच ॲनिमेशन स्टुडिओच्या अंतर्गत वापरासाठी त्याने 1994 मध्ये हा प्रोग्राम लिहायला घेतला. 1998 मध्ये त्यासाठी ‘नॉट अ नंबर’ ही वेगळी कंपनी काढली. प्रोग्राम फुकट वाटायचा आणि त्याभोवतीच्या सेवा विकायच्या, असा तिचा बेत होता. 2000 मध्ये तिला 45 लाख युरोंचं भांडवल मिळालं आणि नोकरवर्ग पन्नासाच्या घरात गेला. विक्री मात्र त्या मानाने झाली नाही.

कंपनी गेल्यावर रूसेंडालने गुंतवणूकदारांपुढे एक प्रस्ताव ठेवला. एक लाख युरो एकरकमी घ्या आणि कोड सर्वांसाठी खुला करू द्या. ते कबूल झाले. 18 जुलै 2002 रोजी ‘फ्री ब्लेंडर’ ही वर्गणी सुरू झाली. आजच्यासारखी ऑनलाइन वर्गणीची रुळलेली वाट तेव्हा नव्हती, तरी रक्कम सात आठवड्यांत उभी राहिली. वर्गणीसाठी झटणाऱ्या स्वयंसेवकांत खुद्द बंद पडलेल्या कंपनीचे जुने नोकरही होते, हे विशेष. 13 ऑक्टोबर 2002 रोजी ब्लेंडरचा कोड जीपीएल परवान्याखाली जाहीर झाला. कोणीही तो वाचावा, बदलावा, वाटावा. बदललेली आवृत्ती वाटायची असेल तर तिचा कोडही खुला ठेवावा, अशी त्याची अट.

पुढची वाट सोपी नव्हती. बरीच वर्षं ब्लेंडरची मांडणी अवघड म्हणून व्यावसायिक स्टुडिओ त्याच्यापासून लांब राहिले. ब्लेंडरचं काम पाहणाऱ्या ब्लेंडर फाउंडेशन या संस्थेने त्यावर चांगला मार्ग काढला. 2006 च्या ‘एलिफंट्स ड्रीम’पासून त्यांनी स्वतःच लघुपट करायला घेतले. चित्रपट करताना जे अडेल ते प्रोग्राममध्ये सुधारायचं आणि चित्रपटाच्या कच्च्या फाइलीही सर्वांना द्यायच्या. 2019 मध्ये आवृत्ती 2.80 आली, मांडणी नव्याने बेतली गेली आणि त्याच वर्षी एपिक गेम्सने 12 लाख डॉलरचं अनुदान जाहीर केलं. 2025 मध्ये ‘फ्लो’ या लाटव्हियन चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. तो ब्लेंडरमध्ये केलेला आहे.

अशी सुटका सॉफ्टइमेज या दुसऱ्या कंपनीच्या ॲनिमेशन प्रोग्रामच्या वाट्याला आली नाही. 1986 मध्ये मॉन्ट्रियलला जन्मलेल्या या कंपनीच्या प्रोग्रामने ‘जुरासिक पार्क’चे डायनोसॉर हलवले होते. ती आधी मायक्रोसॉफ्टकडे, मग ॲव्हिडकडे आणि 2008 मध्ये साडेतीन कोटी डॉलरला ऑटोडेस्ककडे गेली. ऑटोडेस्कचे स्वतःचे माया आणि थ्रीडीएस मॅक्स हे तशाच कामाचे प्रोग्राम होतेच. 2014 मध्ये सॉफ्टइमेज बंद करत असल्याचं तिने जाहीर केलं. कोड खुला झाला नाही, आणि ज्यांनी त्यावर हात बसवला होता त्यांना दुसरा प्रोग्राम पहिल्यापासून शिकावा लागला. यात कलावंतांवर अन्याय झाला, असंच म्हणायला हवं.

कोड खुला केला की धंदा बुडतो, हेही खरं नाही. स्टुडिओ जिब्लीने वापरलेला टून्झ हा इटालियन प्रोग्राम जपानी कंपनी ड्वांगोने घेतला आणि 2016 मध्ये ओपनटून्झ या नावाने खुला केला. मूळ कंपनी डिजिटल व्हिडिओने आपली विकाऊ आवृत्ती चालू ठेवली. दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतलेले भाग अशा वेळी काढून टाकावे लागतात, ही अडचण खरी आहे. पण तेवढी मेहनत मालकाने करावी.

मराठी मुद्रणाला बंद पडलेल्या प्रोग्रामचा हा प्रश्न परका नाही. खिळे जाऊन संगणकावरची जुळणी, म्हणजे डीटीपी, आलं तेव्हा पानं जुळवण्याचा पेजमेकर हा प्रोग्राम आणि त्यावर मराठी अक्षरांसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम, अशी जोडी कितीतरी छापखान्यांत बसली. पेजमेकर मूळ आल्डस कंपनीचा, 1985 मधला. 1994 मध्ये आल्डस ॲडोबीत विलीन झाली आणि 2001 च्या सातव्या आवृत्तीनंतर पेजमेकरची वाढ थांबली. सर्व लिप्यांसाठी एकच संकेत ठरवणारा युनिकोड त्यात आला नाही. तेव्हा जुळवलेल्या मराठी पुस्तकांच्या फाइली त्यामुळे जुन्या फाँटांत अडकून आहेत. पुनर्मुद्रण करायचं तर जुना संगणक जपा, मजकूर कन्व्हर्टरमधून काढा आणि रफार, जोडाक्षरं, वेलांट्या पुन्हा प्रुफात तपासा. मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी या फाइली वाचणारं लिबपेजमेकर लिहिलं, पण फाइलचा बांधा त्यांना बाहेरून उलगडावा लागला.

2013 मध्ये ॲडोबीने फोटोशॉपच्या 1990 च्या आवृत्तीचा कोड कॅलिफोर्नियातल्या कम्प्युटर हिस्टरी म्युझियमला दिला, तोही बिगरव्यापारी वापरापुरता. पेजमेकरचा कोडही तिने द्यावा, आणि खुल्या परवान्याने द्यावा. ही मागणी मराठी प्रकाशक आणि मुद्रकांनी एकत्र येऊन करायला हवी.