मँगनीज असंतुलन

मँगनीज असंतुलन : शरीरातील मँगनीजचे प्रमाण गरजेपेक्षा कमी किंवा जास्त झाल्याने होणारी विकृती. कमतरता क्वचितच आढळते. आधिक्याचा मुख्य आघात मेंदूवर होतो आणि तो बहुधा कायमचा असतो. प्रौढ माणसाच्या शरीरात हे मूलद्रव्य (अणुक्रमांक 25) जेमतेम 10 ते 20 मिलिग्रॅम असते. त्यातला मोठा वाटा हाडांत, उरलेला यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंडे आणि मेंदूत असतो. एवढ्याशा साठ्यावर बरीच कामे चालतात. पेशींच्या तंतुकणिकांत तयार होणारे घातक ऑक्सिजन-मूलक निष्प्रभ करणारे विकर मँगनीजवर चालते. यकृतात अमोनियाचे युरियात रूपांतर, मेंदूत ग्लुटामेटची विल्हेवाट आणि कूर्चा व हाडांची जडणघडण यांनाही ते लागते.

अमेरिकी मानकानुसार प्रौढ पुरुषाला रोज 2.3 आणि स्त्रीला 1.8 मिलिग्रॅम मँगनीज पुरते. नंदुरबार जिल्ह्यातील साध्या जेवणातून ही गरज सहज भागते. ज्वारी-बाजरीची भाकरी, सातपुड्यातली भगर, नवापूरची तूरडाळ, शेंगदाणे, हिरव्या पालेभाज्या, सगळ्यांत मँगनीज आहे. कपभर कोऱ्या चहातूनही सुमारे अर्धा मिलिग्रॅम मिळते. त्यामुळे निव्वळ आहारापायी माणसाला कमतरता झाल्याची उदाहरणे जवळपास प्रयोगांपुरतीच आहेत. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सात पुरुषांना 39 दिवस रोज फक्त 0.11 मिलिग्रॅम मँगनीज असलेला आहार देण्यात आला. त्यांपैकी पाच जणांच्या त्वचेवर बारीक खवल्यांचे पुरळ उठले आणि रक्तातील कोलेस्टेरॉल उतरले. एसएलसी39ए8 या जनुकातील दोषामुळे जन्मजात कमतरता होते. 2015 मध्ये तिची नोंद झाली. अशा बालकांमध्ये झटके, स्नायूंचा शिथिलपणा आणि खुंटलेली वाढ दिसते.

नंदुरबारच्या संदर्भात महत्त्वाची बाजू वेगळीच आहे, ती म्हणजे लोहाची. आतड्यातून रक्तात शिरताना लोह आणि मँगनीज एकाच वाहक प्रथिनाचा वापर करतात. शरीरात लोह कमी पडले की हे वाहक वाढतात आणि लोहाच्या जोडीने मँगनीजही जास्त ओढले जाते. रक्तात ट्रान्सफेरिन हे वाहकही दोघांना सामाईक आहे. एरवी अन्नातील मँगनीजपैकी सुमारे 1 ते 5 टक्केच शोषले जाते. लोहसाठा कमी असलेल्या स्त्रियांमध्ये हे शोषण ठळकपणे वाढते, असे प्रयोगांत दिसले आहे. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या डोंगराळ तालुक्यांत कुपोषण आणि रक्तक्षय हे जुने दुखणे आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातील पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक बालकांचे वजन वयाच्या मानाने कमी आढळले. म्हणून येथे मँगनीजचा विचार लोहापासून तोडून करता येत नाही. गरोदर बाईला मिळणारी लाल लोहगोळी रक्त वाढवते आणि मँगनीजचे जादा शोषणही आटोक्यात ठेवते. जेवणाला लागूनच घेतलेला चहा मात्र अन्नातील लोह अडवतो. त्यातील टॅनिनमुळे मँगनीजचेही शोषण घटते, पण त्या नादात लोहाचे नुकसान पत्करणे मुळीच शहाणपणाचे नाही.

तोंडावाटे आलेल्या जादा मँगनीजला यकृत पित्तावाटे बाहेर काढते. श्वासावाटे आलेली धूळ किंवा धूर हा पहारा चुकवून थेट रक्तात पोहोचतो. नाकातील गंधचेतेच्या वाटेने त्याचा काही अंश मेंदूतही शिरतो. ग्लासगोचे वैद्य जॉन कूपर यांनी 1837 मध्ये विरंजक चूर्णाच्या कारखान्यात मँगनीजचे खनिज दळणाऱ्या कामगारांचे वर्णन केले. पाय दुबळे झालेले, चाल अडखळती, आवाज क्षीण. या विकाराची ही पहिली ठळक नोंद. जपानमध्ये 1941 साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात विहिरीशेजारी पुरलेल्या कोरड्या बॅटऱ्यांतून मँगनीज पाण्यात झिरपून 25 जण आजारी पडल्याचे नमूद आहे.

या विकाराला मँगनीजबाधा म्हणतात. सुरुवातीला चिडचिड, झोप उडणे, विनाकारण हसू किंवा रडू येणे अशी लक्षणे दिसतात. चिलीतल्या खाणकामगारांत ही अवस्था वेडासारखी भासे. पुढे चेहरा भावहीन होतो, बोलणे एकसुरी होते, अक्षर बारीक होत जाते. कोपर दुमडून चवड्यांवर चालण्याची ढब ही खास खूण. मागे चालायला सांगितले की रोगी हमखास तोल गमावतो. रूप कंपवातासारखे असले, तरी विश्रांतीतला कंप सहसा नसतो आणि कंपवाताचे मुख्य औषध लेव्होडोपा फारसे लागू पडत नाही. इजा मुख्यतः मेंदूच्या ग्लोबस पॅलिडस या भागाला होते.

महाराष्ट्रात या विकाराचा परंपरागत धोका विदर्भात आहे. नागपूर जिल्ह्यात मनसर, कांद्री, गुमगाव आणि भंडारा जिल्ह्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग येथे मॉइल या सरकारी कंपनीच्या खाणी आहेत. खनिज फोडताना उडणारी धूळ हा तिथला शत्रू. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत मँगनीजबाधेचे नाव होते. खाण कायद्याखालीही तिची सूचना देणे बंधनकारक होते. नागपूरची राष्ट्रीय खाण-आरोग्य संस्था 2019 मध्ये अहमदाबादच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली.

नंदुरबारमध्ये मँगनीजची खाण नाही, फवारणी मात्र आहे. शहादा-तळोद्याच्या केळी-पपईच्या बागा आणि नंदुरबारची मिरची यांवर करपा, ठिपके यांसाठी शेतकरी ‘एम-45’ फवारतात. त्यातील मॅन्कोझेब या बुरशीनाशकात सुमारे 20 टक्के मँगनीज असते. त्याच्याच जातीच्या मॅनेब या बुरशीनाशकाच्या दीर्घ संपर्काने ब्राझीलच्या शेतमजुरांत मँगनीजबाधेसारखी लक्षणे दिसल्याचे 1988 मध्ये नोंदवले गेले. कोस्टा रिकात विमानातून मॅन्कोझेब फवारल्या जाणाऱ्या केळीबागांलगत राहणाऱ्या गर्भवतींच्या केसांत मँगनीज जास्त आढळले. पाठीवर पंप घेऊन उघड्या तोंडाने फवारणाऱ्या मजुराला, वाऱ्याच्या दिशेने झोपडी असलेल्या कुटुंबाला आणि हातमोजे न घालता पूड कालवणाऱ्या बाईला हे ठणकावून सांगितले गेले पाहिजे. वेल्डिंग करणाऱ्या कारागिरांचा धूर हाही तसाच धोका, विशेषतः बंद खोलीत.

पाण्याचे मानक भारतीय मानक ब्युरोने प्रतिलिटर 0.1 मिलिग्रॅम ठरवले आहे. दुसरा स्रोत नसेल तर 0.3 पर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 0.08 मिलिग्रॅम ही तात्पुरती मर्यादा सुचवली. ती प्रामुख्याने बाटलीने दूध पिणाऱ्या अर्भकांसाठी आहे, कारण त्यांचे पित्तमार्ग अजून पक्के नसतात आणि शोषण जास्त असते. बांगलादेशातील अराईहजार येथे 2006 मध्ये, विहिरीच्या पाण्यात जास्त मँगनीज असलेल्या मुलांची बौद्धिक चाचणीतील कामगिरी कमी आढळली. बोअरच्या पाण्याने भांड्यांवर, कपड्यांवर काळे डाग पडत असतील तर त्यात मँगनीज असल्याची शक्यता मोठी. हवा खेळवून आणि वाळूतून गाळून ते बरेचसे काढता येते.

यकृताच्या सिरोसिसमध्ये पित्ताची वाट बंद झाल्याने मँगनीज साठते. दीर्घकाळ शिरेवाटे पोषण घेणाऱ्यांतही तसेच होते. रक्तातील पातळी अलीकडच्या संपर्काबद्दलच सांगते. निदानासाठी कामाचा इतिहास आणि एमआरआय जास्त उपयोगी, कारण ग्लोबस पॅलिडस त्यात उजळ दिसतो. उपचारात पहिले पाऊल म्हणजे संपर्क तोडणे. सोबत ईडीटीए किंवा पॅरा-ॲमिनोसॅलिसिलिक आम्ल देतात. लवकर सापडलेला रोगी सुधारतो. उशिरा सापडला तर मँगनीज शरीरातून गेले तरी चाल बिघडतच जाऊ शकते.