जेम्सटाउनच्या आधीचा माणूस

सेंट हेलिनाला धक्क्यावर उतरणे सोपे नाही. आमची शिडाची नौका खाडीतल्या बोयाला बांधलेली. होडीतून पायऱ्यांशी आलो की वर टांगलेला दोर धरायचा आणि लाट वर आली की पाय टाकायचा. पुढे दोन उघड्याबोडक्या कड्यांमधल्या घळीत जेम्सटाउन. १६५९ साली ईस्ट इंडिया कंपनीने इथे किल्ला बांधला. १७७४ चे चर्च आणि १८२९ मधल्या रुळमार्गाच्या उरलेल्या ६९९ पायऱ्या पाहिल्या. नेपोलियनबद्दल जो तो सांगतोच.

माझे कुतूहल मात्र वेगळे होते. बेटाच्या पहिल्या ज्ञात रहिवाशाची कथा सुरू होते आपल्या गोव्यात. फर्नाव लोपिश हा पोर्तुगीज शिपाई आदिलशाही सरदार रसूलखानाला जाऊन मिळाला. १५१२ साली अल्बुकर्कने बाणस्तारीचा किल्ला घेतला, तेव्हा जीव न घेण्याच्या अटीवर हे फितूर त्याच्या स्वाधीन झाले. अल्बुकर्कने शब्द पाळला तो असा: नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा छाटला, जीव ठेवला!

काही वर्षांनी पोर्तुगालला परतताना जहाज पाण्यासाठी या निर्मनुष्य बेटावर थांबले आणि लोपिश रानात लपून राहिला. खलाशांनी त्याच्यासाठी थोडी शिधासामग्री ठेवली. पुढे एका जहाजावरून पडलेला कोंबडा त्याचा सोबती झाला, असे बखरकार गास्पार कोरैया लिहितो. कोरैया अल्बुकर्कच्या पदरी लेखनिक होता. धन्याने केलेल्या शिक्षेच्या बळीविषयी तो इतक्या मायेने लिहितो, म्हणून मला ही साक्ष मोलाची वाटते. कोंबड्याची गोष्ट थोडी रंगवलेली असेल, असो.

लोपिशने उरलेल्या चार बोटांनी बाग फुलवली, जनावरे वाढवली. जहाज दिसले की तो लपे. पुढे त्याला लिस्बनला नेले, तिथून तो रोमला पोपकडे गेला. त्याने मागणे केले ते एवढेच, की मला बेटावर परत जाऊ द्या.

बेटाचा इतिहास कंपनीच्या किल्ल्यापासून मांडण्याची रीत मला म्हणूनच अपुरी वाटते. बेटावर वस्ती करता येते हे किल्ल्याच्या शतकभर आधी या थोट्या माणसाने दाखवले होते. सुमारे १५४५ साली तो तिथेच वारला.