महात्मा फुले जन आरोग्य योजना: दाखल होतानाच विचारा

अँजिओप्लास्टी, कॅन्सर किंवा डायलिसिसचा खर्च ऐकून अनेक कुटुंबे आधी व्याजाने पैसे काढतात आणि योजनेची चौकशी नंतर करतात. ही योजना कॅशलेस आहे. बिल भरून नंतर पैसे मागण्याची सोय तिच्यात नाही. म्हणून चौकशी दाखल होतानाच करा.

लाभ कोणाला?
२ जुलै २०१२ रोजी ही योजना ‘राजीव गांधी जीवनदायी’ नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत नांदेड होता. लातूर २०१३ मध्ये जोडले गेले. पूर्वी पिवळे व केशरी रेशनकार्ड लागे. मराठवाड्यात पांढरे कार्ड असलेल्या शेतकऱ्यांनाही लाभ होता. २०२३ च्या निर्णयाने कार्डाच्या रंगाची अट गेली आणि मर्यादा दीड लाखावरून ५ लाख रुपये झाली. ही रक्कम वर्षाला संपूर्ण कुटुंबाची मिळून असते. जुना आजार असला तरी लाभ मिळतो.

काय करावे?
• रुग्णालयातील ‘आरोग्यमित्रा’ला भेटा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.
• ‘हा आजार याच रुग्णालयात योजनेत बसतो का?’ असे विचारा. एखादे रुग्णालय हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी योजनेत असते, पण हृदयरोगासाठी नसते. हैदराबादला निघण्याआधीही हे विचारा.
• हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा अपघातात कागदांसाठी थांबू नका. तातडीच्या रुग्णासाठी फोनवर मंजुरी घेता येते.
• मंजुरीनंतरही पैसे मागितले तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर तक्रार करा.
• सुट्टीनंतर १० दिवसांपर्यंतची फेरतपासणी व औषधे पॅकेजमध्येच असतात.

काय मिळत नाही?
बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या आणि साधी ओपीडी या योजनेत नाही. थायलंडने २००२ मध्ये सर्वांसाठी योजना आणली तेव्हा ओपीडी आणि औषधेही त्यात घेतली. आपल्याकडे त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. पैशांअभावी गोळ्या बंद करू नका. पक्षाघातानंतरचे उपचार योजनेतून झाले तरी गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही.