तळटीप : मेळघाटातून येणारे मजूर

१२. दिवाळी आटोपली की धारणी-चिखलदऱ्याची कोरकू कुटुंबे अंजनगाव सुर्जी, दर्यापूरकडे कापूस वेचायला उतरतात. पुढे हरभऱ्याची सोंगणी असते. त्यांच्यामुळे गावातल्या मजुरांची मजुरी पडते, हे लेखकाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. बोंडे सगळीकडे एकदमच फुटतात, वेचणी अजून हातानेच होते. बाहेरचे हात नसले तर कापूस शेतातच भिजतो आणि जिनिंगमधले, हमालीचे स्थानिक कामही आटते. दर पडतो तो मुख्यतः आगाऊ उचल घेतलेल्याचा, कारण त्याला किलोमागचा भाव ठरवताना बोलताच येत नाही. राज्याचा रोजगार हमी कायदा १९७७चा आहे. त्यानुसार मेळघाटात वेळेवर काम आणि पैसे मिळाले, तर हाच मजूर उचल न घेता खाली येऊन जास्त दर मागू शकतो, आणि त्याचा फायदा अंजनगावच्या मजूर बायांनाही होतो.