एंडोमेट्रिओसिस

गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बीजकोश, ओटीपोटाचे आवरण किंवा आतड्यांवर वाढण्याचा दीर्घकालीन विकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे १९ कोटी स्त्रिया व मुलींना तो आहे.

पाळीत असह्य कळा, संभोगात किंवा शौचाला वेदना, वंध्यत्व ही लक्षणे. ‘पाळी म्हटली की दुखायचंच’ म्हणत घरोघरी ओवा आणि गरम पाण्याची पिशवी पुढे होते. ‘लग्न झालं की थांबेल’ हा सल्ला तर निव्वळ घातक. निदानाला वर्षानुवर्षे लागतात.

पाळीचे रक्त गर्भनलिकांतून उलटे पोटात गेल्याने हा विकार होतो, हा जॉन सॅम्पसन यांचा १९२७चा सिद्धान्त. पण तसे बहुतेकींत घडते, विकार मात्र थोड्याच जणींना होतो.

सोनोग्राफीत बीजकोशावरची ‘चॉकलेट सिस्ट’, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, दिसते. बारीक ठिपके निसटतात. मग एमआरआय किंवा लॅपरोस्कोपी. वेदनाशामके, डायनोजेस्टसारखी संप्रेरके, गरजेनुसार शस्त्रक्रिया हे उपचार. तरी विकार उलटू शकतो.

मुंबईत परळला राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. भारतीय स्त्रियांतील या विकाराची लक्षणे आणि जनुके यांचा अभ्यास तिने हाती घेतला आहे.

दर महिन्याला शाळा किंवा ऑफिस बुडत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.