अटीवरची वस्ती

सातारा-माणदेशच्या मुलखात गावात राहणे आणि गावचे असणे या दोन गोष्टी शेकडो वर्षे वेगळ्या मोजल्या गेल्या. शिवकाळापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंतचे जमिनीचे कागद चाळले, की जमीन कसणाऱ्यांच्या दोन जाती दिसतात: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन पिढीजात. सारा भरत राहिला तोवर त्याला कोणी उठवू शकत नसे. ती त्याला गहाण टाकता येई, विकता येई, मुलांना देता येई. दुष्काळात परागंदा झालेला मिरासदार कैक वर्षांनी परतला, तरी आपली मिरास मागू शके. उपऱ्याचे तसे नव्हते. तो परगावाहून आलेला, कौलावर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर, जमीन कसणारा. कौलाची मुदत संपली की त्याचे तिथले राहणे पुन्हा गावाच्या मर्जीवर.

आज परदेशी गेलेल्या आपल्या माणसांच्या तोंडी ‘कंडिशनल’ आणि ‘परमनंट’ हे दोन शब्द सतत असतात. त्यांची कुळकथा शोधायला दूर जावे लागत नाही, कारण उपऱ्याला मिरासदार होण्याची वाटही आपल्याकडे होती. गावात पडीक जमीन उदंड, माणूस थोडा. म्हणून इस्ताव्याचा कौल देत. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग वर्षागणिक थोडा थोडा चढता, आणि ठरल्या मुदतीअखेर पूर्ण दर. माळरान फोडून, बांध घालून, विहीर काढून माणूस टिकला, तर गोताच्या साक्षीने, मोल घेऊन त्याला मिरासपत्र करून देत. त्या कागदाने तो गावचा होई. अट कडक होती, पण ती चढत जाऊन संपणारी होती. तिच्यातला एक दोष मात्र नजरेआड करता येत नाही: शेवटची किल्ली गावाच्याच हातात होती. राबायचे उपऱ्याने, आणि आपला म्हणायचे की नाही ते ठरवायचे इतरांनी. अटीवरच्या रहिवासाचा न्याय मी एकाच प्रश्नाने जोखतो. अट उठवायची किल्ली कोणाकडे आहे?

इंग्रजी रयतवारीत मिरासदार-उपरी हा भेद विरत गेला. पण सातारा भागातल्या एका लहानशा संस्थानात बाहेरच्याला थारा देण्याची रीत वेगळ्या रूपाने वर आली. औंधचे पंतप्रतिनिधी भवानराव, म्हणजे बाळासाहेब, १९०९ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षी त्यांनी बेळगावातून कारखाना हलवावा लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ दिला आणि त्या निवडुंगाच्या रानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांनी तिथे शिक्षा भोगून सुटलेल्या, दरोडेखोर म्हणून नाव गाजलेल्या माणसांना राखणदार नेमले. वेदांवर लिहिल्याबद्दल इंग्रजांचा ससेमिरा मागे लागलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधात येऊन स्थिरावले आणि त्यांनी तिथे स्वाध्याय मंडळ चालवले. संस्थान केवढे, तर ७२ गावांचे. तेही सलग नव्हते. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, काही तुकडा विजापूरच्या बाजूला. एवढ्या विखुरलेल्या संस्थानाने इतक्या बाहेरच्यांना आपले म्हटले, हे मला फार मोठे वाटते.

या थारा मिळालेल्यांत एक होता मॉरिस फ्रीडमन. वॉर्सात जन्मलेला पोलिश ज्यू, धंद्याने अभियंता, बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यात नोकरीला आलेला आणि पुढे भारतानंद या नावाने ओळखला गेलेला. विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतलेले राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि फ्रीडमन यांची गट्टी जमली. सत्ता रयतेच्या हाती द्यावी, असे फ्रीडमनने राजेसाहेबांना सुचवले; १९३८च्या अखेरीस तशी घोषणा झाली, आणि गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली स्वराज्याची घटना २१ जानेवारी १९३९ रोजी अमलात आली. गावची पंचायत, तालुक्याची समिती आणि वर विधिमंडळ, अशी ती खालून वर चढणारी रचना होती. कालची रयत एका कागदाने नागरिक झाली.

मात्र या नागरिकत्वालाही एक अट होती. मत द्यायचे तर लिहितावाचता आले पाहिजे. गांधीजींचा तिच्यावर भर होता, आणि त्यामागची तळमळ खोटी नव्हती. मताच्या ओढीने माणसे अक्षर गिरवतील, ही अपेक्षा होती. तरी या जागी मी गांधीजींच्या बाजूने उभा राहू शकत नाही. ज्या बाईला, ज्या महारवाड्यातल्या आणि रामोशीवाड्यातल्या माणसाला कोणी शाळेची पायरी चढू दिली नव्हती, त्यांच्याचकडून अक्षराचा दाखला मागणे म्हणजे दुसऱ्याच्या कसुरीची किंमत त्यांच्याकडून वसूल करणे. शाळा काढायची कोणी, तर दरबाराने. मग मताची किल्लीही निम्मी दरबाराकडेच राहिली. भारताच्या घटनेने ती अट ठेवली नाही. अनुच्छेद ३२६ने प्रौढ मतदान दिले, अक्षर येवो न येवो.

त्याच १९३९ साली औंधने जे दुसरे धाडस केले, ते मला त्याच्या स्वराज्याच्या घटनेहूनही मोलाचे वाटते. आटपाडीच्या माळावर संस्थानने कैद्यांची वसाहत वसवली आणि तिला नाव दिले स्वतंत्रपूर. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे तुरुंगातून काढून तिथे ठेवली; भिंत नाही, बेडी नाही. कैद्याने बायकामुलांना घेऊन राहायचे, जमीन कसायची, आणि शिक्षा तिथेच पुरी करायची. या व्यवस्थेत अटी होत्याच. हद्द सोडायची नाही, हजेरी चुकवायची नाही, काम टाकायचे नाही. पण त्या अटींचा क्रम पाहावा. एरवी कायदा आधी लायकी तपासतो आणि मग घर देतो. स्वतंत्रपुरात घर आधी मिळाले, चूल आधी पेटली, आणि लायकी त्या घरात राहून दाखवायची होती. ती दाखवण्याची किल्ली कैद्याच्या स्वतःच्या हातात होती: आज पळून गेला नाही, उद्या पळून गेला नाही, असा एकेक दिवस जोडत तो सुटकेकडे सरकायचा. पुढे खुल्या वसाहतींत चांगल्या वागणुकीवर शिक्षेत जादा सूट मिळण्याची सोय झाली, तिचेही तत्त्व हेच.

या वसाहतीची गोष्ट व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये पडद्यावर आणली. पटकथा ग. दि. माडगूळकरांची होती. ते आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेले आणि औंधच्या शाळेत शिकलेले. हा माळ त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. स्वतंत्रपूर आजही राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. इंग्रजी कायद्याने संस्थानी प्रजा ही ब्रिटिश प्रजाही नव्हती. तिचा दर्जा ‘संरक्षित व्यक्ती’ एवढाच. ती सारी माणसे भारताची नागरिक कशी झाली? घटनेच्या अनुच्छेद ५ने. भारतात कायमचा अधिवास, आणि जोडीला तीनपैकी एक गोष्ट: जन्म भारतातला, किंवा आई-वडिलांपैकी एकाचा जन्म भारतातला, किंवा घटना लागू होण्यापूर्वीची सलग पाच वर्षे भारतात सर्वसाधारण वास्तव्य. खटाव आणि आटपाडीच्या शेतकऱ्याला अर्ज करावा लागला नाही, साक्षीदार आणावा लागला नाही. तिसरा पर्याय फ्रीडमनसारख्या, बाहेर जन्मून इथे रुजलेल्या माणसांसाठी वाट मोकळी ठेवणारा होता. त्यामानाने १९५५च्या नागरिकत्व कायद्याची देशीकरणाची वाट लांब. आजच्या सर्वसाधारण तरतुदीने अर्जाआधीचे सलग १२ महिने आणि त्यामागच्या १४ वर्षांतली एकूण ११ वर्षे भारतात काढावी लागतात. शिवाय घटनेच्या आठव्या परिशिष्टातली एखादी भाषा नीट यावी लागते. ती मराठी असली तरी चालते. एवढे करूनही दाखला द्यायचा की नाही ते सरकार ठरवते.

आता परदेशी गेलेल्यांच्या तोंडच्या त्या ‘कंडिशनल’ शब्दाकडे. अमेरिकेतला सशर्त रहिवास तसा अलीकडचा, १९८६च्या कायद्याचा. कागदोपत्री लग्ने लावून माणसे आणली जातात, हा संशय त्याच्या मुळाशी होता. नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या जोडीदारामुळे ग्रीन कार्ड मिळाले, आणि त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झालेली नसली, तर ते कार्ड दोनच वर्षांचे असते. नोकरीच्या वाटेने घेतलेल्या नेहमीच्या कार्डाला ही अट नाही. हे अनेक घरांत ठाऊक नसते आणि उगाच घबराट होते. दोन वर्षे संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत नवराबायकोने मिळून ‘आय-७५१’ हा अर्ज भरायचा, सोबत घरभाड्याचा करार, सामाईक खाते, एकत्र भरलेला आयकर, मूल असेल तर त्याचा जन्मदाखला. अट उठली की दहा वर्षांचे कार्ड. ही दोन वर्षे वाया जात नाहीत. नागरिकत्वासाठी लागणाऱ्या पाच वर्षांत, किंवा नागरिक जोडीदाराबरोबर राहत असल्यास तीन वर्षांत, ती धरली जातात.

पण या अर्जावर दोघांच्या सह्या लागतात, आणि इथे किल्ली तिसऱ्याकडे नाही, जोडीदाराच्याच खिशात आहे. लग्न करून नव्या देशात उतरलेल्या मुलीवर या किल्लीचा धाक किती बसतो, हे अशा घरांतल्या आयांना विचारावे. ‘सही करणार नाही’ एवढे तीन शब्द पुरतात. मूळ कायद्यात एकटीने अर्ज करायची वाट फार अरुंद होती. १९९०च्या दुरुस्तीने ती रुंदावली. लग्न खऱ्या मनाने केले होते आणि मारहाण किंवा क्रूर छळ झाला, असे दाखवता आले तर जोडीदाराच्या सहीवाचून अर्ज करता येतो. लग्न खऱ्या मनाने केलेले पण घटस्फोटात संपलेले असले, तरी येतो. या एकटीच्या अर्जाला ९० दिवसांची चौकट लागू नाही. कार्डाची मुदत संपायची वाट पाहावी लागत नाही, आणि ती संपून गेली असली तरी दार लगेच बंद होत नाही. मुलीला निरोप देताना तिच्या सामानात सोने कमी पडले तरी चालेल, पण एवढे तिला आधीच सांगून ठेवावे.